सात नंबरचं कार्ड

सोमवार, ३

ही डायरी मामाने दिली. गेल्या वर्षीची आहे, पण आतून कोरी. छापलेले वार खोडून मी माझे घालते. मामा म्हणाला, तोंडाने तर तू बोलत नाहीस, निदान लिहीत तरी जा. तो हॉस्पिटलात लिफ्ट चालवतो. हे काम त्यानेच लावून दिलं.

काम ऐकून आई हसत सुटली. मला पेशंटचं नाटक करायचंय. चौथ्या मजल्यावर एक विभाग आहे, तिथे आजारपणाने माणसाच्या मनाचं काय होतं ते बघतात. तिथले लोक पीएचडी झालेले आहेत, आणि तरी त्यांना अजून दोन वर्षं इथे शिकावं लागतं. मी नववीत शाळा सोडली, आणि ही माणसं एवढं शिकून अजून शिकतातच आहेत. मला बरं वाटलं.

खऱ्या पेशंटकडे जायच्या आधी ते आमच्यावर सराव करतात. प्रत्येकाला एक कार्ड. माझं सात नंबर. सतरा वर्षांची मुलगी, डाव्या हाताला काही कळत नाही, तपासण्या सगळ्या चांगल्या. आई वारून एक वर्ष झालंय, पण ही मानत नाही, आई घरी आहे म्हणते. कार्डावर एवढंच. बाकी आपण जुळवायचं.

करडी शाल अंगावर घेतली की आपण पेशंट. झालं की शाल काढायची, दुसऱ्या खुर्चीत बसायचं. मग मोठ्या बाई, म्हणजे विभागाच्या मुख्य, विचारतात की घरी कोण कोण, सकाळी काय केलंस, आता कुठे जाणार. खरं खरं सांगायचं. याला त्या उतरणं म्हणतात. आणि एक नियम सांगितला, आपल्या घरातलं काहीही कार्डाला द्यायचं नाही, सगळं रचून सांगायचं. का ते मी विचारलं नाही. मी कधी काही विचारते का.

गुरुवार, ६

आज पहिल्यांदा बसले. माझ्यावर सराव करणाऱ्या मॅडमचा चष्मा इतका जाड की डोळे माशासारखे दिसतात. माझ्यापेक्षा त्याच जास्त घाबरलेल्या. पेनाचं टोपण चावून चपटं केलंय. मधल्या सुट्टीत त्यांनी मला अर्धं बिस्किट दिलं आणि फळ्यावरचे मोठे मोठे शब्द सोपे करून सांगितले. मला कोणी असं सांगत नाही.

खोलीत एका भिंतीला काच आहे, त्यामागे मोठ्या बाई बसतात. मॅडमनी विचारलं, आईचं काय आठवतं. मला काही रचताच येईना. शेवटी खरंच सांगून टाकलं, की आई कामावरून आली की किल्ली लावायच्या आधी दोनदा खोकते, म्हणजे मी दचकू नये. मॅडमनी भराभर लिहून घेतलं.

उतरताना मोठ्या बाईंनी विचारलं, घरातलं काही दिलंस का. चारचौघांत कोण कबूल करणार. मी मान हलवली, नाही म्हणून.

शुक्रवार, ७

काल आई न खोकता आत आली. मी एवढी दचकले की हातातलं ताट पडलं. तिला म्हटलं, आज खोकलीस कशी नाहीस. ती म्हणाली, मला काय खोकला झालाय? थट्टा करत असेल.

आजही नाही खोकली.

मंगळवार, ११

सात नंबरचं कार्ड नव्याने टाइप करून आलंय. त्यात आता खोकणं आहे.

आज मॅडमनी भावंडांचं विचारलं. परत तेच झालं. धाकट्या भावाच्या हनुवटीवरच्या टाक्यांचं सांगितलं. मी त्याला सायकलवर डबलसीट घेतलं होतं आणि दोघंही उताराला पडलो, त्याला तीन टाके पडले. मला अजून त्याचं वाईट वाटतं, ते पण सांगितलं.

घरी आले तर तो जेवत होता. हनुवटी साफ. मी बोट फिरवून पाहिलं. तो बोटच चावायला आला, म्हणाला, आई, ताईला वेड लागलं. आईलाही टाके आठवेनात. म्हणाली, आपल्याकडे सायकल कधी होती?

बुधवार, १२

लिफ्टमध्ये मामाला सांगितलं. तो म्हणाला, चौथ्या मजल्यावर जाऊन जाऊन तूच पेशंट झालीस की काय. मग हसणं थांबवून म्हणाला, पण सायकल कुठली गं?

मोठ्या बाईंना सांगायला गेले. वाक्य घोकून गेले होते, की मी घरातलं दिलं, चूक झाली. त्यांनी मान वर करून विचारलं, काय हवंय. मी म्हटलं, पाणी आणू का.

त्यांनी नको म्हटलं. मी परत आले.

गुरुवार, १३

उद्या चष्मेवाल्या मॅडमची शेवटची परीक्षा आहे. बाहेरून तीन परीक्षक येणार. नापास झाल्या तर दोन वर्षं पाण्यात. त्या आज जेवल्या नाहीत. मला म्हणाल्या, तू आहेस म्हणून धीर आहे.

मी ठरवलंय. उद्या घरातलं काहीच सांगायचं नाही. गप्प बसायचं. ते तर मला येतंच.

चहाचा कप डाव्या हातातून सुटला. सुटल्याचं कळलंच नाही.

शुक्रवार, १४

गप्प बसले. सात-आठ मिनिटं. परीक्षक पेन टेबलावर आपटत होते. मॅडमच्या चष्म्याआड पाणी आलं. मग त्यांनी हळूच विचारलं, आई तुला हाक काय मारते.

मी सांगितलं. ए मुके. लाडाने म्हणते, मी बोलत नाही म्हणून.

आणि मग थांबताच येईना. ती दाताने दोरा तोडते ते. सुया टोचून टोचून अंगठा खरखरीत झालाय ते. त्याच अंगठ्याने माझा भांग सरळ करते ते. जन्मात एवढी बोलले नव्हते. चेहऱ्याचं तेवढं सांगायचं राहिलं, वेळ संपली.

मॅडम पास. त्यांनी मला मिठी मारली. खरंच आनंद झाला मला.

उतरताना मोठ्या बाईंनी विचारलं, घरी कोण कोण. मी म्हटलं, आई. त्यांनी कार्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कार्डावरची मुलगीही हेच म्हणते. त्यांनी परत विचारलं. मी परत म्हटलं, आई.

तिसऱ्यांदा नाही विचारलं.

शनिवार, १५

आई काल आली नाही. आजही नाही. मामाकडे पळत गेले. त्याने मला जवळ बसवलं. मग म्हणाला, तुझ्या आईला जाऊन वर्ष झालं ना गं, बाळा.

रविवार, १६

आईच्या शिवणयंत्रावर धूळ. बोटाने रेघ निघाली —

धाकटा म्हणतो, तू वर्षभर असंच करतेस. रोज एक ताट जास्त काढतेस.

डावा हात कढत पाण्यात धरला. काही नाही.

चेहरा आठवतोय. तो मी दिला नाही. तेवढाच राहिलाय माझ्याकडे.

सोमवार, १७

जेवणाची सुट्टी. खोलीत कोणी नाही. काचेमागेही नाही. दार आतून बंद केलंय.

कार्ड आता तीन पानांचं. सगळं आहे त्यात. खोकणं, टाके, ‘ए मुके’ ही हाक, अंगठा. सगळं इथे आहे म्हणजे आई पण इथेच. शाल घेतलीय. पेशंटच्या खुर्चीत बसलेय. उतरायचं नाही आता.

डावा हात मांडीवर आहे. दुसऱ्या कोणाचा ठेवल्यासारखा.

बाहेर कोणीतरी —

दोनदा खोकलं. आईच. आईच आहे —

किल्ली लागतेय.

कार्डावरची ती ओळ तशीच आहे पण. आई वारून एक वर्ष —

ए मुके म्हणतेय. दार उघडलं. अंगठा दिसला आधी, दारावर, तोच खरखरीत —

चेहरा तर मी दिलाच नव्हता. मग तिला तो कुठून असणार —