दोनशे चौदावं घर

रविवार, १२ जानेवारी २०२५

पान ४१ वर चूक नाही. चूक माझी!

वाचनालयात दर रविवारी पोरांना कादंबरी वाचून दाखवतो आहे. महायुद्धातली, एका ज्यू मुलीची. तिच्यात मालगाडीच्या एका डब्यात ऐंशी माणसं कोंडली आहेत. मला पटेना. डब्याची मापं शोधली, पटांगणात फक्कीनं चौकट आखली, बावीस पोरं खेटून उभी केली. पाव चौकट भरली. म्हणजे ऐंशी मावतात.

सातवीतली मोहिनी चौकटीतच उभी राहून म्हणाली, "नाना, केळीच्या वॅगनीलासुद्धा हवेला जाळ्या असतात." तिचा आजा झुलाल केळी भरायला जायचा, त्याच्याकडून ऐकलेलं. माहिती अचूक आहे.

दहावी नापास माणसानं असा वर्ग घेतलेला या तालुक्यात दुसरा दाखवा!

बुधवार, १५ जानेवारी

माघी पौर्णिमेच्या भंडाऱ्याची यादी करायला घेतली. अठरा वर्षं ती माझ्याच हातची. आवतण देणारे तीच घेऊन दारोदार फिरतात. मागच्या वर्षीची समोर ठेवायची, गाव सोडून गेलेले काढायचे, वेगळे निघालेले घालायचे. माझ्या यादीत खाडाखोड नसते, हे समितीचे अध्यक्ष मिश्रीलालशेठही चारचौघांत सांगतात.

घरं २१३. झुलालचं सोडून — दरवर्षीप्रमाणे.

रविवार, १९ जानेवारी

आजच्या प्रकरणात शिपाई नेमके ज्यूंच्याच दारांवर थापा मारतात. एकही घर चुकत नाही, कारण हातात यादी आहे. मोहिनीनं विचारलं, यादी कोणी लिहिली? म्हटलं, नगरपालिकेच्या कारकुनानं. पुस्तकात त्याला अर्धीच ओळ आहे.

"त्याला त्यांचा राग होता का, नाना? की नुसतं त्याचं अक्षर चांगलं होतं?"

पोरं माझ्याकडे बघून हसली. मीही हसलो.

मंगळवार, २१ जानेवारी

जळगावला जाऊन आलो. मोठ्या वाचनालयात तीन पुस्तकं चाळली. याद्या खऱ्या आहेत — नाव, गल्ली, घर नंबर, सगळं व्यवस्थित. पण लिहिणाऱ्याबद्दल काही नाही. घरी काय सांगून निघायचा? संध्याकाळी हात धुऊन जेवायला बसायचा? याचा छडा लावलाच पाहिजे.

गुरुवार, २३ जानेवारी

कारकुनाचं नाव कुठेच नाही.

रविवार, २६ जानेवारी

जेवताना बायकोला, कुंदाला कारकुनाचं सगळं सांगत होतो. भाकरी थापता थापता म्हणाली, "कारकून धुंडाले जळगावले कसाले गयात? घरमा आरसा शे."

मला राग आला. तिथे लाखो माणसं मारली, इथे एक जेवण चुकतं. तुलना करायची तर मापात करावी! ती म्हणाली, माप तुमचं बरोबरच असेल. मग हळूच — "त्या दिनले बठ्ठास्नी चूल बंद. मोहिनीना घरना फोडणीना वास बठ्ठी गल्लीले येस."

भंडाऱ्याचं आवतण चूलबंद असतं, म्हणजे सगळ्या घरांच्या चुली बंद. त्या दिवशी कोणाच्या घरी स्वयंपाक झाला हे लपत नाही. हे मला ठाऊक होतं. वासाचं डोक्यात आलं नव्हतं.

झुलालचं घर पहिल्यांदा वगळलं तेव्हा मोहिनी तीन वर्षांची असेल.

रविवार, २ फेब्रुवारी

जुन्या वह्या काढल्या. २०१६ सापडलं. झुलालच्या धाकट्यानं परजातीतली मुलगी केली ते साल. तेव्हाचे अध्यक्ष जीवरामआबा — आता नाहीत — यांनी मला बोलावून सांगितलं होतं. समासात माझ्याच अक्षरात आहे: झुलाल, यंदापुरतं वगळणे.

यंदापुरतं.

२०१७ ची यादी मी २०१६ वरून उतरवली. २०१८ ची २०१७ वरून. पुढे तशीच. समासातला शेरा कधी उतरवला नाही, शेरे उतरवायचे नसतात. नऊ याद्या. खाडाखोड एकीतही नाही.

गावाला वाटत असणार, समितीनं ठरवलंय. झुलालला काय वाटत असेल, माहीत नाही. रस्त्यात भेटला की रामराम घालतो.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

समितीला विचारावं का? विचारलं तर जुनं उकरलं जाईल, कोणीतरी नाही म्हणेल, आणि यादी दुसऱ्याकडे जाईल. अठरा वर्षांचं काम!

२०१७ ला उतरवताना मी कोणाला विचारलं नव्हतं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

लिहिलं. झुलालचं नाव जुन्याच जागी, त्याच्या गल्लीत. शेवटी जोडल्यासारखं नको दिसायला. त्यासाठी सगळी यादी पहिल्यापासून पुन्हा उतरवली. एक पान वाया गेलं.

सोमवार, १० फेब्रुवारी

यादी दिली. मिश्रीलालशेठनं विचारलं तर काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं. त्यांनी चष्माही लावला नाही. शेवटच्या पानावर सही केली आणि म्हणाले, "तू लिहिल्यावर मी काय वाचायचं, पितांबर? मी कधी वाचलीय?"

घरं २१४.

म्हणजे एवढी वर्षं दुसरं कोणी नव्हतंच. मीच होतो.