न्हावऱ्याच्या स्टँडवरची तू

अंजना,

जय भीम. आपल्या लेकीकडं, गौतमीकडं शिरूरला ऱ्हायला जाऊन तुला वरीस झालं. दौंडच्या घरात मी एकटाच हाय. हे पत्र पोस्टात टाकीन का न्हाई, ठाऊक न्हाई.

काल मोबाईलवर ती जुनी विनोदी मालिका सापडली, आपण न्हावऱ्यात असताना दर रविवारी बघायचो ती. त्यातल्या एका भागात बायको रुसून पिशवी घेऊन एसटी स्टँडवर जाऊन बसती, आन् नवरा तिला शोधताना भलत्याच बाईची माफी मागतो. तवा मी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो होतो. तू उठून चुलीपाशी गेलीस. मी विचारलं, "हसू न्हाई आलं व्हय?"

तू म्हणालीस, "त्यो निदान शोधायला तरी गेला."

काल मलाबी हसू आलं न्हाई. तवा त्यो भाग लागला त्याच्या आदल्या महिन्यात तू अशीच पिशवी घेऊन न्हावऱ्याच्या स्टँडवर दिवस मावळेपर्यंत बसली होतीस. घरी आल्यावर मी म्हणालो, "कुठं गेलतीस? मला पत्ताच न्हाई."

ते खोटं होतं. मी समोरच्याच हॉटेलात बसलो होतो. तीन गाड्या आल्या आन् गेल्या, तू एकीतबी चढली न्हाईस. दर गाडीमागं मान वळवून घराच्या रस्त्याकडं बघायचीस. उठलो तर माझी हार होईल, म्हणून मी चहावर चहा पीत ऱ्हायलो. शेवटी तू पिशवी उचलून एकटीच घराकडं निघालीस, तवा मला जिंकल्यासारखं वाटलं.

तुझा,
चांगदेव