हळदीकुंकू पोचलं, सभा अडली

१९ जाने., सोमवार
रविवारी तेरला सभा. धाराशिवहून संध्याकाळची एसटी गाडी बंद झालीय, कॉलेजच्या पोरी वडापच्या खच्चून भरलेल्या जीपला लोंबकळत घरी येतात. रस्ता रोकोचं तिथंच ठरवायचं. बायकांकडं बटणाचे फोन, म्हणून साधा एसएमएस. सगळ्यांना पाठवला. एकीलाही पोचला नाही. आता माझ्या नंबरावरून एकही मेसेज जात नाही.

२० मंगळवार
मोबाइल कंपनीला फोन. मुलगी गोड बोलली. "एकच मजकूर सगळ्यांना गेला मॅडम, सिस्टिमला जाहिरात वाटली." विचारलं, माझी हाक कचरा आहे हे ठरवणारी तुमची सिस्टिम कोण? तिनं तक्रार नंबर लिहून घ्यायला सांगितलं.
यांना मजकूर वाचून दाखवला: 'जागे व्हा! शेवटची संधी! आजच ठरवा!' हे म्हणाले, "कर्ज वाटायलीस व्हय?"
हसू आलं नाही. लॉटरीवाल्याला अडवा, जरूर अडवा. पण ज्याला अडवायची मुभा, तो सभा आणि लॉटरी यांत फरक कशाला करील? यावर तासभर बोलेन. ऐकायला माणसं तर यावीत.

२१ बुध.
यांच्या फोनवर सरलाचा मेसेज. 'रविवारी तेरला हळदीकुंकू. मान्यवरांचे विचार. अवश्य या.' माझीच सभा ती! माईक कसा धरायचा हे हिला मी शिकवलं. आता हिच्या संस्थेचं नाव कंपनीकडं नोंदलेलं, मजकूर आधीच मंजूर. माझं नाव 'मान्यवरां'त.
तेरहून सुमनमावशींचा फोन. "सरलाबाईंचं हळदीकुंकू हाय म्हणं. मालक गेल्यापासून आमी जात न्हाय तसल्याला." मावशींची नात रोज त्याच वडापला लटकते.


२२ गुरु.
सरला हुरडा घेऊन आली. म्हटलं, मावशी येणार नाहीत, तुझ्या एका शब्दामुळं.
"गोड लिहिलं म्हणून पोचलं, ताई. तुमचं कुठं पोचलं?"
कंपनीनं तोंड दाबायच्या आधी तू स्वतःच दाबलंस, असं सुनावलं. ती शांतपणे हुरडा खात राहिली. हिला राग येत नाही, तेच मला सहन होत नाही.
शेवटी तिच्याच खात्यावरून पाठवायला मजकूर दिला. 'गाडी सुरू करा, नाहीतर रस्ता रोको. रविवारी सगळ्याजणी या.' खाली माझं नाव. वर तिच्या संस्थेचं.

२३ शुक्र.
सरलाचा फोन. "नामंजूर झालं, ताई. कारण दिलं न्हाय. 'रस्ता रोको' काढून बघू का?"
पहिल्यांदा काय वाटलं ते इथंच लिहिते. बरं वाटलं. तिचाही अडला.
मग मावशींची नात आठवली.
"थांब जरा," एवढंच म्हणाले. तो शब्द काढला तर पटांगण भरेल, सरलाचं. ठेवला तर सभा माझी, आणि समोर हे एकटे.
रविवार परवावर आलाय. फोन पुन्हा वाजतोय. तीच आहे.