चुलीवरचं काळं तेल

आत्या, लग्नानंतर तुमच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा पाऊल ठेवलं तेव्हा चुलीवर आमटी नव्हती, मोटारीचं तेल होतं. डोक्यावरचा पदर सावरत मी दारात उभी, आणि आत तुम्ही पाटावर बसून मोठ्या पातेल्यात काळंकुट्ट काहीतरी पळीनं ढवळताय. लाकडं मागं ओढलेली, खाली नुसते निखारे. मला वाटलं, घरात कुणी आजारी आहे आणि काढा चाललाय. तुम्ही वर न बघताच म्हणालात, "ये गं बेंबळीवाली. नाक दाबू नगं, सवय हुती." माझं नाव तुम्ही कधी घेतलंच नाही. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात म्हणून मी आत्या म्हणत राहिले आणि तुम्ही मला माझ्या गावावरनं हाक मारत राहिलात. मी शाळामास्तरची पोर, सातवी झालेली, बोटाला शाई लागली तरी हात धुणारी, आणि नशिबाला मुरुम गावातलं हे घर आलं, जिथं हळदीच्या डब्यालासुद्धा गाडीचा वास. पहिल्या सणाला माहेरी गेले तर आईनं जवळ घेतलं आणि लगेच लांब सारलं. "अगं बाई, तुला घरात दिलीय का ग्यारेजात?" मी हसले, पण मनातून तुमचा लई राग आला होता.

माझ्या नातवंडांना हे सांगितलं तर त्यांना खोटं वाटतं. तेव्हा डिझेल आत्तासारखं जागोजागी मिळत नव्हतं. पंप लांब, आणि तिथं गेलं तरी असेलच असं नाही. तुमच्या लेकाची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, गाडी मोठ्या लढाईच्या वेळची, लष्कराच्या लिलावातनं हातोहात फिरत आलेली जुनाट डिझेल गाडी. मुरुमच्या बाजारातली तूर, ज्वारी भरायची, सोलापूरला टाकायची आणि सांजेला परत यायचं. हैदराबाद रस्त्यावरच्या कुणा ड्रायव्हरनं त्याला सांगितलं की इंजिनातनं काढलेलं जळकं ऑइल नीट गाळलं आणि डिझेलात मिसळलं की गाडी चालते. हे मी यायच्या आधीचं, तुमच्याच तोंडून ऐकलेलं. त्यानं डबा भरून आणला, अंगणात फडकं लावून बसला आणि अर्धं तेल भुईवर सांडलं. तुम्ही त्याच्या हातातनं फडकं ओढून घेतलंत. "सरक तिकडं. गाळायचं काम बाप्याचं न्हवं." तेव्हापासून ते काम तुमच्याकडं आलं.

आणि केलंत काय निगुतीनं! आधी निखाऱ्यावर कोमट करायचं, म्हणजे पातळ होतं. मग जाड मांजरपाटातनं, मग जुन्या लुगड्याच्या चौपदरी घडीतनं, थेंब थेंब. मग पिंपात ओतून कोपऱ्यात ठेवायचं, आणि त्याला कुणी हात लावायचा नाही. गाळ आणि पाणी तळाला बसलं की वरचं वर नळीनं काढून घ्यायचं. पाणी राहिलंय का ते बघायला तुम्ही तापल्या तव्यावर एक थेंब सोडायचात. तडतडला की पाणी आहे, परत पिंपात. मी एकदा भीत भीत विचारलं, "आत्या, ह्याच तव्यावर भाकरी करायची का?" तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत! "भाकरीचा तवा त्यो काय, भित्तीला. डोळं हायती का बटणं?" तुमचे हात कोपरापर्यंत काळे असायचे. हळदीकुंकवाला गेलात की बायका तुम्हाला लांबनंच पान द्यायच्या. तुम्ही ते घेऊन यायचात, माझ्यापुढं टाकायचात आणि म्हणायचात, "खा. मी शिवलेय, पण पान न्हाय काळं पडलं."

मला वाटायचं हे सगळं काटकसरीनं चाललंय. एका दुपारी आपण दोघी तूर निवडत बसलोय, आणि मी सहज बोलून गेले की एवढं कशाला जिवाला खाता, नाही मिळालं डिझेल तर दोन दिवस गाडी उभी राहील. तुमचा हात सुपातच थांबला. "घरची गाडी चालती हाय तवर माणूस सांजच्याला घरी येतोय," तुम्ही म्हणालात. "दुसऱ्याची गाडी हाकाया लागला की त्यो त्या गाडीचा. ह्याचे वडील निजामाच्या वक्ताला चार दिसाच्या कामाला म्हून हैदराबादला गेलते. त्यांची पेटी आली. माणूस न्हाय आला." मग परत सूप हलवायला लागलात. तेव्हा मला कळलं तुम्ही काय गाळताय ते. लेक तर तेव्हाच जेवताना सांगायला लागला होता, सोलापूरच्या अमक्या मालकानं नव्या गाड्या घेतल्या, मुंबई, इंदूर, कुठं कुठं जातात. त्याचे डोळे चमकायचे. तुम्ही त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकायचात.

त्या वर्षी हवा फार दमट होती आणि तेलातलं पाणी काही केल्या सुटेना. तवा तडतडतोय, तडतडतोय. तुम्ही चिडलात. आणि एक दिवस, चुलीवर लोणी कढत होतं, तुम्ही नेहमीप्रमाणं त्यात मिठाचा खडा टाकलात, बेरी खाली बसली, तूप वर मोकळं झालं. तुम्ही त्या तुपाकडं बघत राहिलात, उठलात, मडक्यातलं खडेमीठ मूठभर घेतलंत आणि सरळ तेलाच्या पातेल्यात टाकलंत. मी म्हणाले, "आत्या, लोखंडाच्या इंजिनाला मीठ चालतं का?" "आपली कढई कशाची हाय? लोखंडाचीच न्हवं? मग तिच्यात भाजी अळणी करतीया का म्या?" आणि खरं सांगते, तेल झालंही छान. गाळ धरून खाली बसला, वरचं तेल दिसायलासुद्धा निराळं. तुमच्या लेकानं बाटलीत धरून उजेडाकडं केलं. "माय, ह्या खेपंचं लई झाक झालंय. काय केलंस?" तुम्ही नुसतं हसलात, गुपित राखल्यासारखं. त्या दिवशी सण नाही, वार नाही, पण तुम्ही पुरण घातलंत. तेव्हापासून प्रत्येक पातेल्यात मीठ पडत गेलं.

मग एक दिवस सोलापूरच्या वाटेवर गाडी येणेगूरच्या पुढं बंद पडली. बैल जुंपून ओढत आणली, अख्खा बाजार बघायला. स्टँडवरचे मिस्त्री, ज्यांना सगळे चाचा म्हणायचे, त्यांनी अंगणात पोतं अंथरून पंप खोलला. डिझेलचा पंप, इंजिनाला तेल पुरवतो तो. लेकाला त्यांनी सुटे भाग धुवायला रॉकेल आणायला पिटाळलं होतं. आतला दांडा बाहेर काढला तो तांबडालाल, गंजून जागेवर धरलेला. चाचांनी बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि थुंकले. "अक्का, ये तो खारा है. नमक गिऱ्या क्या तेल में?" तुम्ही त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होतात. आत्या, तुमचं ते तोंड मला कधी विसरता आलं नाही. तांब्या तुमच्या हातात तसाच, आणि तुम्ही माझ्याकडं बघताय, मी काही सांगीन म्हणून. मी तुमच्या हातातला तांब्या घेऊन चाचांपुढं ठेवला. चाचांनी एकदा तुमच्याकडं बघितलं, मान खाली घातली. लेक रॉकेल घेऊन आला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पंप में पानी गया, बेटा. जंग चढ गया." भला माणूस.

पण दुसऱ्या दिवशी पंप पोत्यात बांधून चाचा आणि लेक एसटीनं सोलापूरला गेले. तुम्ही दिवसभर उंबऱ्यावर. लेक परत आला तो मोकळ्या हातानं. "असला पंप आता मिळतच न्हाय," म्हणाला, हात धुतले, जेवला, तुमच्याकडं एकदाही मान वर करून बघितलं नाही. तुम्ही मला आत ओढलंत. "चाचानं सांगितलं गं त्याला वाटंत. कळलंय त्याला." मलाही तेच वाटलं. पुढच्या आठवड्यात त्यानं ट्रंक भरली. तुमचा नातू तेव्हा पाळण्यात. "सोलापूरच्या मालकाकडं लागतोय. पंप मिळाला की येतो." तुम्ही भाकरी बांधून दिलीत. थांब म्हणाला नाहीत. कुठल्या तोंडानं म्हणायचं, असं तुम्हाला वाटत होतं ना?

त्याच संध्याकाळी तुम्ही ताट मागं सारलंत. "मला अळणी वाढ." का म्हणून विचारलं तर म्हणालात, "नवस बोललेय. गाडी चालू हुईस्तवर मीठ खायाचं न्हाय." गल्लीतल्या बायका हात जोडायच्या, तुळजापूरच्या आईवर काय भक्ती म्हातारीची! तो नवस नव्हता हे फक्त आपल्या दोघींना माहीत. मी रोज दोन पातेली लावायचे, एक आमटी मिठाची, एक तुमची. ठेचा बंद, लोणचं बंद. आणि तेल मात्र चालूच! बिनमिठाचं. तुम्ही स्टँडवर जाऊन ड्रायव्हरांकडून जळकं ऑइल मागून आणायचात. आधी ते विचारायचे कशाला, मग हसायचे, मग आपणहून डबा दाराशी ठेवून जायला लागले. लिंबाखाली गाडी उभी, तिच्यात कोंबड्या अंडी घालताहेत, आणि घरात पिंपावर पिंप. लेक एका दिवाळीला आला, पुढच्या दिवाळीला नाही. मग यायचा बंदच झाला. मी एकदा फार बोलले तुम्हाला. "कुणासाठी गाळताय, आत्या? पंप नाही, लेक नाही, गाडीचं लोखंड झालंय!" तुम्ही फडकं पिळत म्हणालात, "आला आन् तेल नसलं, मग?"

शेवटी अंथरूण धरलंत तेव्हा डॉक्टर म्हणाले, ह्यांच्या अंगात मीठ नाही, मीठ द्या. मी पेजेत चिमूटभर टाकलं, लपवून. तुम्ही घोट घेतलात आणि थुंकलात. एवढं त्राण कुठून आलं कोण जाणे. "अजून चालू न्हाय झाली," म्हणालात. मी सोलापूरला मालकाकडं खबर धाडली. कुणी आलं नाही. तुम्हाला अग्नी देण्यापासून सगळं लेकाच्या चुलत्यांनी केलं.

तो आला, आत्या. तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी, भर दुपारी, दुसऱ्याचीच गाडी घेऊन. हैदराबादला चालला होता. केस पांढरे, पोट सुटलेलं. ओट्यावर बसला. मी विचारलं, माय गेल्याची खबर मिळाली होती का. "मिळाली होती," म्हणाला. "गाडी भरलेली होती." लिंबाखाली जाऊन टायरला एक लाथ मारून आला, गिऱ्हाईक मारतं तशी. मी चहा दिला, आणि इतकी वर्षं जे विचारायचं राहिलं होतं ते विचारलं. "त्या मिठाचा राग अजून मनात आहे का? म्हातारीनं मरेपर्यंत मीठ तोंडाला लावलं नाही." त्यानं कप खाली ठेवला. "मीठ? कसलं मीठ?"

चाचांनी त्याला काहीच सांगितलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. त्यानं कप परत उचलला. मग म्हणाला, "अगं, मी त्या मालकाला आधीच जबान दिली होती. पंप बिघडायच्या आधी. गाडी चांगली असती तरी गेलोच असतो. माझं इथं मनच नव्हतं." म्हणाला तेही साध्या आवाजात, हवापाण्याचं सांगावं तसं. चहा संपवला, पोरगा शाळेत कितवीला आहे ते विचारलं आणि निघून गेला. परत आला नाही.

वाटलं होतं, तुमच्यावरचा आळ गेला म्हणून मला बरं वाटेल. नाही वाटलं. मिठामुळं गेला म्हणत होतो तोवर ती एक चूक होती, आणि चूक काय, माफ होते, माणूस परत येतो. तुम्ही त्याच्यावरच तर जगलात. आता काय राहिलं? त्यानं तुम्हाला बघितलं, मला बघितलं, पाळण्यातल्या लेकराला बघितलं आणि त्याला जावंसं वाटलं, एवढंच. तुम्ही आहात तिथं टपाल जात नाही हे मला कळतं, सातवी झालेय मी. पण जात असतं तरी हा कागद मी धाडला नसता, आत्या. ते मीठ तुम्हाला सोसत होतं. हे सोसलं नसतं.

आणि मला तरी कुठं सोसतंय? परवाच नातवंडांनी विचारलं, आजोबा घर सोडून का गेले. मी म्हणाले, "तुमच्या पणजीनं तेलात मीठ घातलं, गाडी बिघडली, म्हणून जावं लागलं बिचाऱ्यांना."