रबरी बाईची विचारपूस

कंपाला,
६ फेब्रुवारी २०११

चि. प्रोसी हिस गोरेतीआत्याचे अनेक आशीर्वाद.

सुट्टी संपवून सुखरूप पोचले. या सत्रात वसतिगृहात मला वरची कॉट आली होती. खोलीतल्या मुलीने माझ्या गुडघ्यांकडे एकदा पाहिलं आणि आपली गादी वर नेली. वर्गात सगळ्या मला आजीच म्हणतात. त्रेपन्नाव्या वर्षी नर्सिंगची पदवी घ्यायला आल्यावर दुसरं काय म्हणणार!

तुझ्या मोबाइलला वारुळावर चढल्याशिवाय रेंज येत नाही, म्हणून हे पत्र मासाकाच्या बसड्रायव्हरकडे देते. शिवाय शाळेत सिस्टर अलॉयशियाने छडी मारून वळवलेलं अक्षर कुठेतरी वापरायला हवं.

शेवटचं सत्र आहे. जिल्ह्याच्या साहेबांचं म्हणणं तुला माहीतच आहे. पदवी नसेल तर प्रसूतिगृहाची प्रमुख म्हणून मला राहता येणार नाही, बाहेरून दुसरी कुणी येईल. ती शुक्रवारी दुपारी आपल्या घरी निघून जाणार. आपल्या बायका काय वार बघून बाळंत होतात?

लेखी परीक्षेची काळजी नाही. पण शेवटचं प्रात्यक्षिक एका रबरी बाईवर आहे. तिच्या पोटाला चेन आहे. दीड वर्ष इथल्या वॉर्डांत खरी बाळंतपणं केली, आता हे बाहुलीचं लग्न. तिच्याशी बोलायचं असतं म्हणे. तू याच वर्गांतून गेलीस, तेव्हा काय ते नीट कळव.

प्रसूतिगृहाच्या मागच्या खिडकीची कडी लावत जा, माकडं येतात.

तुझी आत्या,
गोरेती नालवोगा

---

कयान्जा,
१९ फेब्रुवारी २०११

ती. आत्या हिस,
सा. न. वि. वि.

कडी लावते. तरीही एक माकड आलं आणि कापसाचा गठ्ठा घेऊन गेलं. तुझ्या खुर्चीत मी बसते, पण तपासायला येणारी प्रत्येक बाई आधी दारामागे डोकावून पाहते, तू तिथे लपली आहेस की काय म्हणून. मग माझ्याकडे असं बघते, जणू मी खुर्चीवर ठेवलेली उशी आहे.

आता बाहुलीचं ऐक. आठ मिनिटं मिळतात, मग घंटा होते. परीक्षक कोपऱ्यात कागद घेऊन बसते, तिने तोंडातून अवाक्षर काढायचं नाही असा नियम आहे. कागदावरचे पहिले चारही गुण बोलण्याचे आहेत. विचारपूस, आपलं नाव, हात लावू का हे विचारणं, आणि काय करणार ते सांगणं. ते चार गेले तर बाकी सोन्याचं काम केलंस तरी नापास.

मी अकरा वर्षांची असताना तू मला अंगणात उभं करून मोठ्यांशी गुडघे टेकून कसं बोलायचं ते शिकवलंस. आपल्यात भाचीला शहाणं करायचं काम आत्याचं. इथे उलटंच झालं, पण तक्रार करू नकोस, मी फी घेत नाही.

यंदा परीक्षक मिस नान्तुमे असेल. माझ्या पुढच्या वर्गात होती. आपल्याच भागातली, पण फार कडक.

तुझी लाडकी,
प्रोसी

---

कंपाला,
१७ एप्रिल २०११

चि. प्रोसी हिस अनेक आशीर्वाद.

नापास झाले.

पाच मिनिटांत बाळ बाहेर, वार बाहेर, नाळ कापलेली. उरलेली तीन मिनिटं मी हात जोडून बसून होते. पण तोंड उघडलं नाही. मिस नान्तुमेने चारही जागी शून्य लिहिलं. तिचं चुकलं नाही. वीस मे रोजी आणखी एक संधी आहे. ती गेली तर गाशा गुंडाळून यायचं.

तू म्हणशील, एरवी आत्याच्या तोंडाला कुलूप नसतं. तुला कधी सांगितलं नाही ते सांगते. उत्तर न देणाऱ्या बाईशी मी आयुष्यात एकदाच बोलले. पर्पेतुआ तिचं नाव. नोकरीचं माझं चौथं वर्ष होतं, लढाईचे दिवस, रस्ते बंद. रक्त थांबेना आणि मोटार येईना. मी तिला घरचं विचारत राहिले. केळी कशी आहेत, मोठा मुलगा शाळेत जातो का. आधी ती हुंकार द्यायची, मग बंद झाली. तरी मी विचारतच होते, शेवटी सिस्टरने येऊन माझा हात सोडवला.

त्या रबरी बाईचे डोळे उघडे असतात गं. मी वाकले आणि सरळ कामालाच लागले.

असो. जेवायला रोज मक्याचा पोशो आणि राजमा. घरच्या वाफवलेल्या केळ्यांची, मटोक्याची आठवण येते.

आत्या

---

कयान्जा,
२ मे २०११

ती. आत्या हिस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग हात धुऊन कामाला लागले.

इकडे गावातल्या रेजिनाला आठवा महिना आहे. ती म्हणते, आत्या आल्याशिवाय मी बाळंत होणार नाही. मी म्हटलं, बाळाला विचारलंस का? तर म्हणाली, बाळानेच सांगितलंय.

पास होण्यासाठी काही सांगावं एवढी मी मोठी नाही. फक्त एक आठवण करून देते. मी तुझ्या हाताखाली नवी होते तेव्हा एक बहिरी बाई आली होती. तिच्याशी तू पहाटेपर्यंत बोलत होतीस. तिला ऐकू येत नाही तर कशाला, असं मी विचारलं. तू म्हणालीस की बोललं की हात घाई करत नाहीत. ते बोलणं तुझ्या हातांसाठी होतं, आत्या. हात तर तेच आहेत.

आणि नापास झालीस तरी खुर्ची मी त्या शुक्रवारवालीला सुखासुखी देणार नाही. खुर्चीचा एक पाय आत्ताच डुगडुगतोय.

तुझी,
प्रोसी

---

कंपाला,
२२ मे २०११

चि. प्रोसी हिस अनेकानेक आशीर्वाद.

क्रमाने सांगते, नाहीतर गोंधळ होईल.

परवा माझी पाळी आली. मिस नान्तुमे कोपऱ्यात, कागद मांडीवर. मी अंगातली पायघोळ गोमेसी आवरली आणि कॉटपाशी गुडघे टेकले. हात धुण्याआधी टेकले, म्हणून तेवढे गुण वाचले. मनात म्हटलं, पर्पेतुआ, आज पुन्हा विचारते. आणि मोठ्याने विचारलं, रात्र कशी गेली, बाई?

मग थांबले. तुला ठाऊक आहे, समोरच्याचं उत्तर आल्याशिवाय पुढचा प्रश्न माझ्या तोंडून निघतच नाही. खोली गप्प. भिंतीवरचं घड्याळ मात्र चाललेलं. मी पुन्हा विचारलं, घरचे कसे आहेत? पुन्हा गप्प. माझे डोळे भरून आले. आता उठावं आणि बस पकडावी असं वाटलं.

तेवढ्यात कोपऱ्यातून बारीकसा हुंकार आला. मग अगदी हळू, बरे आहेत, आई. मी मान वळवली नाही. विचारत गेले. केळी, पाऊस, सासू. सगळ्याची उत्तरं आली, सासूचं तर जरा जास्तच लांबलं. नाव सांगितलं, काय करणार ते सांगितलं, हात लावू का विचारलं, लाव म्हणाली. उठून हात धुतले तेव्हा पाहिलं, मिस नान्तुमे खुर्चीवरून उतरून जमिनीवर गुडघे टेकून बसली होती.

तीन मिनिटं विचारपुशीत गेली. उरलेल्या पाचांत बाकीचं केलं. घंटा झाली तेव्हा बाळ आईच्या छातीवर होतं.

नियम मोडला म्हणून तिला विभागप्रमुखांपुढे उभं केलं, मलाही बोलावलं. तिचं वाक्य तुला जसंच्या तसं लिहिते. ती म्हणाली, "माझ्या आईच्या वयाची बाई गुडघे टेकून विचारतेय आणि खोलीत कुणीच उत्तर देत नाही, हे मला सोसवलं नाही, सर."

प्रमुखही आपल्याकडचेच निघाले. त्यांनी चष्मा पुसून नाकावर चढवला. मग म्हणाले की उत्तर परीक्षकाने दिलं असलं तरी प्रश्न उमेदवारानेच विचारले, त्यामुळे गुण कापायचं कारण नाही. पुढच्या वर्षीपासून बाहुलीमागे उत्तर द्यायला एक बाई बसवणार आहेत.

पास झाले, प्रोसी. बोलण्याच्या चारांत चार. शुक्रवारवालीला कळव, खुर्ची भरली आहे. पाय मी आल्यावर ठोकेन.

शनिवारच्या बसने निघते. स्टॉपवर घ्यायला येऊ नकोस, रेजिनाचे दिवस भरत आलेत. बाळाने तिला काहीही सांगितलेलं असो, तू तिच्यापाशी थांब. मी पोचायच्या आत कळा सुरू झाल्या तर माझ्या वतीने तिची विचारपूस कर. घर विचार, शेत विचार, सासू विचार. आणि तिचं उत्तर येईपर्यंत हात लावू नकोस.

माया आहेच, ती मटोक्याच्या घडासारखी भरत राहो.

तुझी आत्या,
गोरेती नालवोगा