बारीक दिवा, मोठा फ्लॅश

प्रिय आत्याबाई,

आधी 'तीर्थरूप' लिहिलं आणि खोडलं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "मी काय गंगाखेडचा घाट हाय का?" म्हणून प्रियच बरं. तुम्हाला वाचता येत नव्हतं, पण ती अडचण आता राहिली नसेल असं धरून चालते.

पत्राला कारण आहे. काल मामंजींनी ओट्यावर बसल्या बसल्या एक गोष्ट सांगितली. सगळा संसार झाला तरी त्यांनी ती पोटातच ठेवली होती. ती ऐकल्यापासून माझं कशात लक्ष नाही. आज भाकरी करपली आणि मला वाससुद्धा आला नाही. खरं तर ती सगळ्यांच्या आधी तुम्हाला कळायला हवी होती. पण आधी मला आपल्या फ्लॅशचं पहिल्यापासून लिहू द्या. तुम्हाला ते पाठ आहे, तरी लिहिते, कारण मला सांगायला अजून तेवढीच मजा येते.

मी लग्न होऊन झरीला आले तेव्हा माझ्या पेटीत भांड्यांबरोबर एक कॅमेरा होता. परभणीत माझ्या वडिलांचा फोटो स्टुडिओ, त्यांनीच तो दिलेला. तुम्ही आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचात की सुनेनं मशीन आणलंय, आणि ती शिवणाची नाही हे कळलं की बायांची तोंडं पडायची. मग तो कॅमेरा ज्वारीच्या कणगीवर फडक्यात बांधून पडला. गावातल्या लग्नाला परभणीहून फोटोवाला यायचा, पण तो परका बाप्या. त्याच्यासमोर आपल्या बाया नाकापर्यंत पदर ओढून उभ्या राहायच्या. कुणाचाही अल्बम उघडावा, तर पुरुषांची तोंडं आणि बायांचे पदर.

मग मंगलची, माझ्या नणंदेची, सोयरीक निघाली. पाथरीची मंडळी, मुलाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. मध्यस्थ म्हणाले, आधी पोरीचा फोटो द्या, पसंत पडला तर बघायला येतील. त्या दिवशी तुम्ही स्वतःच्या हातानं कणगीवरून कॅमेरा उतरवलात.

अंगणात फोटो काढला तर सगळ्या आळीला कळणार, आणि सोयरीक फिसकटली तर त्याचीही चर्चा होणार. घरात काढायचा तर आपलं धाब्याचं घर. मधल्या खोलीत भरदुपारी पडलेली सुई सापडायची नाही. म्हणजे फ्लॅश हवाच, आणि तो परभणीलाच मिळणार. नामांतरावरून परभणी बंद होती म्हणून आपलं जाणं एकदा हुकलं, तर तुम्ही दिवसभर माझ्यावरच करवादत होतात. जसा काही बंद मीच पुकारला होता!

शेवटी एस्टीत जागा मिळाली, आणि खिडकीकडं तोंड करून तुम्ही मला ते सांगितलंत. "पिंगळीला मला बघाय आलते तवा माज्या आयनं कंदिलाची वात बारीक केली. लय बारीक. माजा रंग दिसू नये म्हून. ह्येंनी हो म्हणलं. लगीन झाल्यावर उन्हात बघितलंच आसंल माजं तोंड. काय बोलले न्हाईत. पर मी लय दिवस ह्येंच्याम्होरं मान वर केली न्हाई. फसवलं की गं आपुन माणसाला."

मी विचारलं, "मग आता मंगलचंही तसंच करायचं?"

"तवा उजेड कमी केला, आता जास्ती करायचा. येवढाच फरक," तुम्ही म्हणालात. "माज्यावर गेलीया पोरगी. तिला उजवायची हाय मला." आणि पदरानं नाक पुसलंत. तुमच्या तोंडून मी तोवर रागाखेरीज फारसं काही ऐकलेलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं तुमच्यासाठी.

दुकानात मात्र तुम्ही बाजारात बैल बघावा तशा उभ्या राहिलात. वडिलांनी मला बजावलं होतं, लहान खोलीला लहान फ्लॅश घे. मी तो हातात धरलाही होता. तुम्ही म्हणालात, सगळे पेटवून दाखवा. दुकानदार चाचा बिचारे एकेक फ्लॅश तुमच्या तोंडासमोर उडवायला लागले. प्रत्येक वेळी तुम्ही डोळे मिटायचात, आणि डोळ्यांपुढं आलेली हिरवी चकती किती वेळ टिकते ते बघायचात. "ह्याची लगेच गेली. न्हाई जमत. फुडचा." चकती जितकी जास्त टिकेल तितका फ्लॅश अस्सल, ही तुमची परीक्षा. पासपोर्टच्या फोटोला आलेल्या एका गुरुजींनाही तुम्ही डोळे मिटायला लावलेत.

चाचांनी शेवटी सगळ्यांत मोठा, चार सेलांचा काढला. "अम्मा, ये लेव. इसमें चेहरा दूध सरीका आता."

झालं. दूध हा शब्द ऐकला आणि तुमचा सौदा पक्का झाला. मी म्हटलं, हा फार मोठा होतो. तुम्ही म्हणालात, "तुज्या बापानं तुला सावळ्या पोरीचा फोटो काढाय शिकिवलंय का?" मी हातातला लहान फ्लॅश परत काउंटरवर ठेवला. परत येताना एस्टीत तुम्ही तो फ्लॅश मांडीवर घेऊन बसला होतात आणि मधूनमधून डोळे मिटून चकती गेली का ते बघत होतात.

मंगलला माझा शालू नेसवून चुन्याच्या भिंतीपुढं उभं केलं. माझी पाठ कणगीला टेकलेली, इतकी ती खोली लहान. कॅमेऱ्याला ऊन आणि ढग अशा दोनच खुणा, त्यामुळं उजेड आवरायची सोयही नव्हती. एक फोटो काढून रोल धुवायला देणं म्हणजे बाकीचा रोल वाया. म्हणून उरलेल्या जागांसाठी तुम्ही शेजारच्या बाया बोलावल्यात. बाईच फोटो काढायलीय म्हटल्यावर कुणी पदर ओढला नाही. तोच शालू, तीच भिंत, एकीनं सोडला की दुसरीनं नेसला. शेजारची सून कुसुम मंगलच्याच चणीची, तिचा फोटो मंगलच्या पाठोपाठ निघाला, मंगळसूत्र पदराखाली गेलेलं.

वडिलांनी रोल धुऊन फोटो पाठवले. घोंगडीवर मांडले आणि बघते तर काय, कणकेच्या बाहुल्या! कुणाला नाक नाही, कुणाला गाल नाही, नुसते डोळे, ओठ आणि कुंकू, फार तर एखादीच्या हनवटीची खळी. मला लाज वाटली, पण बाया हरखून गेल्या. अशा गोऱ्या त्या आयुष्यात झाल्या नव्हत्या. मंगल एकटीच आपला फोटो हातात घेऊन निरखत होती. मग म्हणाली, "आये, ह्या बाईचं लगीन लावा तुमी. मी करवली म्हून जाते." तुम्ही तिला गप्प बसवलंत. तेवढ्यात मध्यस्थ दारात आले, त्यांची एस्टी सुटायला झाली होती. तुम्ही घोंगडीवरचा एक फोटो उचललात आणि पाकिटात घालून दिलात.

पाथरीहून होकार आला. मंडळी बघायला आली, मुलगा, त्याची आई आणि मध्यस्थ. अंगभर पदर लपेटून कुसुम चहा घेऊन बाहेर गेली, कारण मंगलचं आवरायचं होतं. मुलाच्या आईनं पिशवीतून फोटो काढला, कुसुमकडं बघितलं, पुन्हा फोटोकडं बघितलं आणि खूश होऊन म्हणाली, "हीच की. ही हनवटीवरची खळी. ये बाई, बस हितं पाटावर." कुसुमला काही सुचेना, ती बसली. आणि तिची धाकटी पोर धावत आली, आई म्हणून मांडीत शिरली!

मामंजी वर आढ्याकडं बघायला लागले. मी दाराआड उभी. मंगलचं लग्न तिथंच मोडलं असं मी मनाशी म्हटलंसुद्धा.

तुम्ही उठलात. विहीणबाईंच्या हातातून फोटो घेतलात आणि कितीतरी वेळ बघत राहिलात. मला वाटलं, आता मध्यस्थाच्या नाहीतर माझ्या नावानं खडे फोडाल. तुम्ही म्हणालात, "चूक माजी हाय. पाकिटात म्याच घातला. माज्या पोटच्या पोरीचं तोंड मला वळकू आलं न्हाई." मग खाली बसून तुम्ही सगळं सांगितलंत, दूध, चार सेल, हिरवी चकती, काही म्हणता काही लपवलं नाहीत. विहीणबाई रागवायच्या तयारीत होत्या, पण गुरुजींना डोळे मिटायला लावले इथवर तुम्ही आलात आणि त्यांना हसू आवरेना.

"पोरगी काळी हाय," तुम्ही म्हणालात. "माज्यावानी. मंगल, बाहीर ये. अंगणात, उन्हात. सुशे, आन तुजं मशीन."

अख्खी आळी धाब्यांवर चढून बघत होती. मी कॅमेरा उन्हाच्या खुणेवर ठेवला. मंगल ताठ उभी राहिली आणि मुलाकडं सरळ बघून म्हणाली, "चांगलं बघून घ्या. मागनं म्हणाल फोटोत येगळी होती." मी बटण दाबलं त्याच क्षणी तुम्ही मंगलच्या खांद्यामागून धाब्यावरच्या पोरांना ओरडलात, त्यामुळं त्या फोटोत तुम्हीही आलात, तोंड उघडून. निघताना मुलगा चपला घालता घालता मला म्हणाला, "वैनी, त्यो फोटो धुतल्यावर एक आमाला बी धाडा." हाच त्याचा होकार होता. मंगल आता त्याच्या दुकानात बसून सेल विकते आणि गिऱ्हाइकांना दम देते, तुमचीच लेक.

त्यानंतर उजेड मऊ पडावा म्हणून मोठ्या फ्लॅशवर तुम्ही स्वतः माझा रुमाल बांधलात. डोहाळजेवण असो की हळद, बायांचे फोटो काढायला आपण दोघी गावोगाव फिरलो, मी कॅमेरा धरायचे आणि तुम्ही फ्लॅश. "पदर वर कर गं, तुज्या सासूला मी बघते," असं म्हणायचात. किती हसवलंत तुम्ही त्या बायांना! मला माहेरी जितकं हसायला मिळालं नाही तितकं तुमच्याबरोबर मिळालं, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षी दुखण्यातून जरा उठलात तेव्हा म्हणालात, "रुमाल सोड. एक माजा काढ. गोरी झाल्यावर कशी दिसते बघू तर दे." काढला. बघून पोट धरून हसलात.

आता कालचं. उद्या तुम्हाला जाऊन वर्ष होतं. भिंतीवर लावायला मी दोन फोटो काढून ठेवले, तो गोरा, आणि अंगणातला ओरडतानाचा. यांना, म्हणजे तुमच्या लेकाला, गोरा बरा वाटला, निदान त्यात तोंड मिटलेलं आहे. मामंजींनी तो हातात घेतला आणि परत दिला. "ही न्हाई. आमची दे."

मग आपणहून बोलायला लागले. "तिच्या आयनं दिवा बारीक केलता. कंदिलाची काच लख्ख पुसल्याली, तेल काठोकाठ, आन वात ही येवढी. म्या काय खुळा हाय? राती तितंच मुक्काम होता. सकाळची गाडी धरायची पिंगळी टेसनावर, ती दिली सोडून आन इहिरीकडनं फेरी मारली. भर उन्हात गवऱ्या थापायली होती. शेळीनं एका गवरीवर पाय दिला, तर हिनं त्या शेळीला आशा शिव्या घातल्या, आशा घातल्या, की म्या लिंबाआड हसत हुबा. तितनंच माघारी गेलो आन वडलांना म्हणलं, हीच करायची."

यांनी विचारलं, "मग आईला कधी सांगितलं का नाही?"

मामंजी म्हणाले, "तिनं इचारलं न्हाई. म्या सांगितलं न्हाई. मला वाटलं, तिला म्हाईतच आसंल."

अहो आत्याबाई, तुम्ही कुणालाही फसवलं नव्हतं. तुम्हाला उन्हात बघून, तुमच्या शिव्या ऐकून त्या माणसानं तुम्हाला मागून घेतलं होतं. आणि तुम्ही लय दिवस मान खाली घालून बसलात! एकदा विचारायचं तरी. सगळ्या गावाला फाडफाड बोलणारी बाई, आणि घरातल्या माणसाला एवढं विचारता येऊ नये? मी काल रडले, पण ते रडणं वाईट नव्हतं. मामंजी माझ्याकडं बघून म्हणाले, आता हिला काय झालं.

ओरडतानाचा फोटो मोठा करून आणलाय. उद्या तोच लागेल.

आता माझं वचन. मलाही यांना एक विचारायचं आहे, लग्नापासून मनात आहे आणि हसण्यावारी नेत आलेय. यांनी होकार मला दिला होता की माझ्या पेटीतल्या कॅमेऱ्याला? मी तुमच्यासारखं झाकून ठेवणार नाही. हे आत्ता गोठ्यातून येऊन हातपाय धुतायत. त्यांना ताट वाढते आणि विचारते.

तुमची सून,
सुशीला