मधला तुकडा उसवू नये

मी, या घरातला धाकटा, गल्लीत ‘भोवरा’ म्हणून ओळखला जाणारा, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाखाली नसताना (ताई मागे उभी राहून वाचतेय, तो दबाव धरत नसाल तर) माझ्या पश्चात कशाचं काय करावं ते लिहून ठेवतो. उद्या पुन्हा बोटीवर चाललोय.

कलम १. माझे बूट दाजींना. मी बुडाल्याची बातमी येताच त्यांनी ते पायात घातले, परत आलो तरी काढले नाहीत. मेलेल्याचे बूट चावतात म्हणे. चावोत.

कलम २. सायकल शेजारच्या शिंपीकाकांना. तिला ब्रेक लागत नाही. काकांच्या तोंडालाही लागत नाही, तेव्हा जमेल.

कलम ३. गोधडी. आमच्या आईचा नियम असा, की नऊ तुकड्यांच्या चौकटीत कडेचे तुकडे हयात माणसांच्या कपड्यांचे आणि मधला गेलेल्याचा. मागची बोट बुडाली तेव्हा मी तिच्यावर नव्हतोच. बंदरात एक म्हातारा अकॉर्डियनचा भाता दुरुस्त करत होता, ते बघत राहिलो (आत नुसत्या कागदाच्या घड्या असतात!) आणि बोट सुटली. बोटीवरचा माझा बिछाना, उशाखालच्या किल्लीसकट, दुसऱ्या कुणाला दिला. त्याचं प्रेत किनाऱ्याला लागलं. खिशात माझ्या पेटीची किल्ली, म्हणून तो मीच ठरलो. त्याला तिकडेच पुरलं, शर्ट घरी धाडला. ताईने तो कापून मधोमध शिवला.

तेव्हापासून सकाळी गोधडीला हात लावला की तेवढाच चौकोन उबदार लागतो. कुणी नुकतंच उठून गेल्यासारखा.

मी आल्यावर ताई ब्लेड घेऊनच बसली. “जिवंत माणूस मधे शिवला रे मी. उसवते.”

मी गोधडी उजेडात धरली. “ताई, हा शर्ट माझा नाही.”

“उगाच काहीतरी. निळ्या रेघांचाच होता तुझा.”

“हे रफू बघ. तुझं रफू इतकं सुबक असतं?”

“मेल्या!” म्हणाली, आणि मग तिने ब्लेड खाली ठेवलं. “मग हा कोणाचा?”

म्हणून मधला तुकडा कुणीही उसवू नये. कोपऱ्यातला दाजींच्या विजारीचा तुकडा काढला आहे (त्यांना बूट मिळालेत). तिथे माझा खरा शर्ट. ताईने तो चारी बाजूंनी अर्धं पेर जास्त कापला, उलट बाजूने आधी खालच्या तुकड्याला, मग शेजारच्याला जोडला, शिवण गडद कापडाकडे वळवून इस्त्री फिरवली. फिकटाकडे वळली तर वरून दिसते.

मी खरंच गेलो तर दुसरी चौकट करावी. या चौकटीत जागा नाही.

कलम ४. ‘हे रफू माझ्या हातचं’ म्हणणारं कुणी दारात आलं, तर गोधडी त्यांची.

“आणि मी काय पांघरू?” ताई.

मग स्वतःच म्हणाली, “दे. त्यांच्या गोधडीत मधली जागा मोकळीच असेल अजून.”

कलम ५. आज सकाळी ताईने दोन्ही तुकड्यांवर हात ठेवला. मधला उबदार. माझा गार.

“गार आहे,” ती म्हणाली. “म्हणजे आहेस.”

ती रोज हात लावून बघणार आहे. माझा कोपरा ज्या सकाळी उबदार लागेल, त्या सकाळपासून हे मृत्युपत्र लागू.

साक्षीदार: शिंपीकाका (‘सदर रफू या गल्लीतल्या कुणाचंही नाही’ असा दाखला देऊन)
साक्षीदार: ताई (‘एकदा मेलेल्याचं मृत्युपत्र चालतं का रे?’ असं विचारून)
ठिकाण: काकांच्या दुकानातलं कापायचं टेबल
दिनांक: बोट सुटण्याचा आदला दिवस
सही: भोवरा, अजून गार